स्तामेनचे दोन फोटो

बसथांब्यावरच्या पोस्टरवर आपला मेलेला नवरा हसताना दिसला आणि नेद्याल्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्तामेन तंबाखूच्या शेतात उभा होता आणि खाली लिहिलं होतं, ‘आमची तंबाखू, आमची रोजीरोटी! बंदी नको!’

शाळेजवळ सिगारेट विकायला बंदी घालायची का, यावर उद्या नगरपालिकेत मतदान होतं. गावातला नवा चौक सिगारेट कंपनीनेच बांधून दिलेला, त्यामुळे नगराध्यक्ष कुणाच्या बाजूने होते हे सांगायलाच नको. आणि नेद्याल्काची लेक बिल्याना शाळेसमोरच्या टपरीवरून सिगारेटी घेऊ लागली होती. तिच्या कोटाचा वास लपत नव्हता.

“वहिनी, वकील गाठू या,” नणंद जिन्का म्हणाली.

“वकील बूट घालेपर्यंत मतदान उरकेल. स्तामेनच्या वर्षाचे कागद आणलेस ना? चल, खळ शिजव!”

गावाची रीतच होती, माणूस गेला की त्याच्या फोटोचा कागद दारांवर, खांबांवर चिकटवायचा, वर्ष भरलं की पुन्हा. तो ऊनपावसाने फाटेल तेव्हा फाटेल, माणसाचा हात त्याला लागत नाही. नेद्याल्काच्या कागदावरही तोच फोटो होता. कंपनीनेच कधीतरी शेतात काढून दिलेला, स्तामेनचा दुसरा धड फोटोच नव्हता.

दोघी बादली घेऊन सुटल्या. दिसलं पोस्टर की लाव शेजारी कागद! इकडे हसरा स्तामेन, ‘रोजीरोटी’. तिकडे तोच हसरा स्तामेन, ‘फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला.’ कॉफी सोडून माणसं रस्त्यावर आली.

नगराध्यक्ष सफाई कामगाराला घेऊन धावत आले. “फाड तो मेलेल्याचा कागद!”

“दोन्हीकडे मेलेलाच आहे की, साहेब. मी नाही हात लावणार.”

त्यांच्यासोबत आलेल्या कंपनीच्या माणसाने स्वतः हात पुढे केला, तशा बाकावरच्या म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या. बिचाऱ्याने मुकाट्याने आपलीच पोस्टरं सोलायला घेतली. काय हशा पिकला!

दुसऱ्या दिवशी सभेत नेद्याल्का उठली. “मीही तंबाखूच पिकवते, त्यावरच जगते. पण माझ्या लेकीला विकू नका.” हात वर गेले. बंदीचा ठराव मंजूर! जिन्काने तिला मिठीच मारली.

बाहेर पायरीवर बिल्याना उभी होती, डोळे लाल, नजर जमिनीवर.

“आई, एक कागद दे.”

“आता कशाला? पोस्टरं गेली सगळी.”

“टपरीवर लावते. मी रोज कुठे जायचे, ते बाबांना कळू दे.”

नेद्याल्काने कागद दिला, आणि खळीची बादली उचलून तीही लेकीबरोबर निघाली.