उकळलेल्या पाण्यातला कंकर

मी एक कंकर आहे. तापीकाठच्या मातीत पांढुरके, वेडेवाकडे खडे निघतात, त्यांतला एक. नांगराच्या फाळाला अडतो म्हणून शेतकरी मला शिव्या देऊन बांधावर फेकतात. माझ्या अंगात चुना आहे. माझं जे काही झालं ते या चुन्यामुळे झालं, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

मला उचललं चांदनीने. विसरवाडीला हायवेलगत सुभाषचंद शेठचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर घर. चांदनी त्यांची एकुलती मुलगी. टाळेबंदीत कॉलेज बंद पडलं तेव्हा तिने मोबाइलवर बघून बघून घरात माशांची काचेची टाकी मांडली होती. पुढे एकदा वडिलांबरोबर मोटार पोचवायला ती तापीकाठी, प्रकाशा गावाला आली. मोठी माणसं विहिरीपाशी बोलत होती आणि ही बांधावरचे खडे उचलून त्यांवर लिंबू पिळत होती. टेम्पोचा ड्रायव्हर करमसिंग हसून म्हणाला, "ताई, दगडवर लिंबू कसाले पिळी ऱ्हायनी? दगडले सरबत पाजस का?"

माझ्यावर थेंब पडले आणि मी फसफसलो. तिने मला कानाशी धरलं. "हा चालेल," म्हणाली. एवढ्यावर माझी निवड झाली.

टाकीत मी पडलो तेव्हा तिथे काळ्या मोली होत्या. कोळशासारख्या काळ्या, मखमली अंगाच्या, सतत खाणाऱ्या आणि सतत पिल्लं देणाऱ्या मासोळ्या. दुकानातल्या बोअरचं पाणी फार जड. बादलीला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही. चांदनी नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायची आणि पालटलेला रंग कागदावरच्या रंगांशी लावून बघायची. शेठ विचारायचे, "कांई डॉक्टरी चाली है?" ती सांगायची, "पप्पा, माशासाठी पाणी बदलायचं नाही. आपल्या पाण्याला मानवेल तोच मासा आणायचा. मोलीला जड पाणीच लागतं."

माझ्याबद्दलही तिने सांगितलं होतं. टाकी जुनी होत गेली की पाणी आंबट होऊ लागतं. माशांची घाण, उरलेलं खाणं, सडलेली पानं, सगळ्याचं शेवटी आम्ल होतं. बोअरच्या पाण्यातला चुना ते आम्ल मारतो. तो कधी कमी पडलाच, तर हा खडा विरघळेल आणि सांभाळून घेईल. म्हणजे मी राखीव होतो. पाणी चांगलं असेपर्यंत मला काम नव्हतं. मी तळाशी बसून असायचो आणि मोली माझ्या अंगावरचं शेवाळ खरवडून खायच्या. हायवेने ट्रक गेला की काच थरथरायची. सुखाचे दिवस होते.

दिव्याचाही तिने नेम धरला होता. दुपारी लावायचा, रात्रीच्या जेवणाआधी बंद. जास्त वेळ ठेवला तर पाणी हिरवं होतं, कमी ठेवला तर झाडं मरतात. एका पावसाळ्यात त्या दिव्यावर पंखवाले किडे आले आणि पाण्यात पडून बुडाले. ती बोटाने एकेक उचलून खिडकीत ठेवत बसली. बहुतेक मेलेले होते. दुसऱ्या दिवसापासून तिने दिवा सूर्यास्ताआधीच बंद करायला सुरुवात केली. मग तीही सूर्यास्तानंतर जेवेनाशी झाली. मग तिच्या खोलीतला दिवाही लागेनासा झाला. आईवडिलांना हे उशिरा कळलं. मी टाकीतून बघत होतो.

चांदनीने जैन साध्वीची दीक्षा घेतली. घोडागाडीतून मिरवणूक निघाली. तिने आपले कपडे, दागिने, मोबाइल, रंगाच्या कागदासकट ते औषधाचे थेंब, सगळं वाटून टाकलं. टाकी कोणी नेली नाही. निघण्याआधी तिने आईला, धनकंवरला, सांगितलं, "मम्मी, आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी काढायचं आणि बोअरचं घालायचं. बस." नंतर ती मम्मी म्हणाली नाही. दीक्षेनंतर आई ही आई राहत नाही, सगळ्या श्राविकांसारखी एक श्राविका, एक गृहस्थ बाई होते.

धनकंवरला टाकी कधीच आवडली नव्हती. जिवांना कोंडून ठेवायचं पाप, असं ती म्हणायची. आता मात्र ती तासन् तास समोर बसायची. लेकीच्या हातचं एवढंच जिवंत उरलं होतं. मनात एकच होतं: कधीतरी सुरतेकडून विहार करत साध्वी महाराज याच हायवेने चालत येतील, त्यांत तीही असेल. गोचरीला, म्हणजे भिक्षेला, घरी येईल. तेव्हा तिच्या मासोळ्या जित्या दिसल्या पाहिजेत.

साध्वींना कच्चं पाणी चालत नाही. म्हणून धनकंवर रोज पहाटे मोठ्या पातेल्यात पाणी उकळून ठेवू लागली. न जाणो, आज आल्या तर. बहुतेक दिवशी कोणीच यायचं नाही आणि पाणी तसंच उरायचं. तिने प्रवचनात ऐकलं होतं की कच्च्या पाण्याच्या एका थेंबात असंख्य जीव असतात. लेक त्या जिवांना जपत अनवाणी चालते आहे आणि आपण दर आठवड्याला बादलीभर कच्चं पाणी ओततो, हे तिला सोसेना. मग गार झालेलं उकळलेलं पाणीच ती टाकीत घालू लागली. गाळलेलं, उकळलेलं, सगळ्यांत शुद्ध.

त्या पाण्यातला चुना पातेल्याच्या तळाला चिकटून राहत होता. ती तो घासून काढायची.

हळूहळू पाणी आंबट झालं. दिवा तर तिने पूर्णच बंद केला होता, किडे मरतात म्हणून. झाडं पिवळी पडली, कुजली, आणि पाणी आणखी आंबट झालं. माझं काम सुरू झालं. इतकी वर्षं ज्यासाठी बसून होतो ते हेच. मी विरघळू लागलो. पण माझ्यावर बुळबुळीत थर चढला होता, आत पाणी शिरायचं थोडं. एकट्या खड्याने किती पुरणार? मोलींनी पंख मिटले. जागच्या जागी अंग हलवू लागल्या, थंडी वाजल्यासारख्या.

"देखो, नाच रही है," धनकंवर शेठना म्हणायची.

करमसिंग पाइप उतरवायला आला की पाणी प्यायला वर यायचा. पातेलं बघून एकदा म्हणाला, "शेठानी, रोज एवढं गरम पानी? मासास्ना रस्सा करी ऱ्हायनी का?"

"चूप, मेल्या! जैनाच्या घरात उभा आहेस," ती ओरडली, पण हसलीही. तो गेल्यावर तिने एक मेलेली मोली वाटीत घेऊन मागच्या कडुलिंबाखाली पुरली, आणि नवकार मंत्र म्हटला. मग दुसरी. मग पिल्लं. शेवटी एकच मादी उरली.

आणि त्या आल्या. पौषातली सकाळ होती, ऊन नुकतं वर आलं होतं. तोंडावर मुहपत्तीची पांढरी पट्टी, हातात लाकडी पात्रं, पायाला भेगा. दोघी होत्या. एक वयस्क, दुसरी चांदनी.

"मत्थएण वंदामि," धनकंवर जमिनीला टेकली. शेठ घाईने टाकीच्या दिव्याकडे वळले, मासोळी दिसावी म्हणून.

"बटण मत लगाओ!" धनकंवर जवळजवळ किंचाळली. "महाराज पाछा फिर जावेला!"

खरंच होतं. दाराशी साध्वी असताना कोणी दिवा लावला तर त्या घरचं अन्नपाणी त्या घेत नाहीत. शेठचा हात हवेतच राहिला. टाकी अंधारी राहिली.

वयस्क साध्वींनी पातेल्याकडे बघून विचारलं, "यह पानी किसके लिए उबाला, श्राविका?"

त्यांच्यासाठी मुद्दाम केलेलं त्यांना चालत नाही. धनकंवरला हे ठाऊक होतं. रोज पहाटे ती कोणासाठी उठते हेही ठाऊक होतं. ती म्हणाली, "मछलियों के लिए, महाराज. रोज टंकी में वही डालती हूँ."

तेव्हा चांदनीने मान वळवली. अंधाऱ्या पाण्यात थरथरणारी एक मोली तिने बघितली. काळे पडलेले देठ बघितले. मग मला बघितलं. तिला सगळं कळलं, माझी खात्री आहे. हे सगळं तिनेच तर शिकून घेतलं होतं. पण कच्चं पाणी ओत, असं ती सांगू शकत नव्हती. त्या पाण्यातल्या जिवांना आपल्या बोलण्यानेही इजा होऊ देणार नाही, असं तिचं व्रत होतं.

"कंकर छोटा हो गया," ती म्हणाली.

तेवढंच. तिला तेवढंच बोलता येत होतं, आणि ते ती बोलली. मग पात्रात पाणी घेतलं. "दया पालो," असा आशीर्वाद देऊन दोघी जिना उतरल्या.

धनकंवर दिवसभर सांगत होती, "तिला खडा आठवला! एवढं सगळं सोडलं, पण खडा आठवला!"

शेठनी विचारलं, "पण पत्थर छोटो कियां हुवे?"

ती बोलायला लागली, इतक्यात खालून गिऱ्हाईकाने हाक मारली, "शेठ, पाच एचपीनी मोटर शे का?" आणि ते उतरले. दगड लहान कसा होईल, हा प्रश्न तिथेच राहिला.

संध्याकाळी तिने हात घालून मला बाहेर काढलं. महाराजांच्या तोंडून ज्याचं नाव निघालं तो आणखी झिजू नये म्हणून. मला पुसलं, चांदीच्या वाटीत ठेवलं आणि काचेच्या कपाटात, दीक्षेआधीच्या फोटोपाशी बसवलं.

मी आता इथे आहे. बोराएवढा उरलो आहे. कोरडा. माझ्यासमोर अगरबत्ती लागते. झिजणं बंद झालं, आणि झिजायला मिळू नये याहून वाईट कंकराच्या वाट्याला काही येत असेल असं मला वाटत नाही. समोरच टाकी आहे. मोली आता वरच्या पाण्याशी तोंड लावून असते. नाचत नाही.

हायवेने जाताना या दुकानी कोणी थांबलात तर जिना चढून वर या. तुमच्या जिभेला व्रत नाही. धनकंवरला सांगा, बोअरचं पाणी दे, एकदम नको, रोज तांब्या तांब्याने. झाडांना दुपारचा दिवा दे. आणि तो खडा परत पाण्यात टाक.

ती आली. हातात तपेली आहे. पाणी गरम तर नाही ना म्हणून आधी बोट बुडवून बघते. मग, मासोळीला धक्का बसू नये अशा बेताने, काचेच्या कडेने हळूहळू ओतते.