रुपाचं दूध

“अजून दाबा. वरून खाली, हळू,” सिस्टर म्हणाली.

शिवकन्येने दात आवळून दाबलं. वाटीच्या तळाला दोन थेंब पडले आणि तिथेच पसरले.

काचेपलीकडे तिचा मुलगा निजला होता. सातव्या महिन्यातच झालेला, नाकात नळी, डोळ्यांवर पट्टी. सेनगावकडून जिल्ह्याच्या दवाखान्यात जीपने येताना ती सारखी पोटावर हात ठेवून होती. आता पोट रिकामं झालं होतं आणि हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.

शेजारच्या खाटेवर बंजाऱ्यांच्या तांड्यावरची रुपा होती. तिची मुलगीही आतच होती, पण सावरत होती. मुलीला पाजून रुपाची वाटी भरून उरायची आणि ती उरलेलं बेसिनमध्ये ओतायची. ओतताना शिवकन्येकडे पाठ करायची.

तिसऱ्या दिवशी सिस्टर शिवकन्येच्या खाटेवर टेकली. “बाळाला थोडं थोडं दूध सुरू करायचंय. पावडरचं कितपत पचेल, सांगता येत नाही. रुपाच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आहेत. डॉक्टर हो म्हणालेत. तुमचा होकार पाहिजे.”

“घ्या की,” रुपा म्हणाली. “सांडूनच जाऊन राहिलंय.”

शिवकन्येची सासू द्वारकाबाई सुनेचे पाय चेपत होती. तिचे हात थांबले.

“नगं सिस्टर. आमच्यात न्हाई चालत तसलं.”

“मावशी, दूध ते दूधच.”

“आसंल. पर माझ्या घरचं लेकरू हाय ते. शेपू खाऊ घातली, बाजरीची खीर पाजली. सकाळपस्तोर दूध येतंय का न्हाई बघा हिला!” तिच्या आवाजात राग नव्हता, खात्री होती.

सिस्टरने शिवकन्येकडे पाहिलं. “तुम्ही सांगा. आई तुम्ही आहात.”

शिवकन्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. गावातली आणि तांड्यावरची लेकरं एका रांगेत बसवून ती खिचडी वाढायची. आईचं दूध म्हणजे बाळाचं पहिलं औषध, हे बायकांना सांगून सांगून तिला तोंडपाठ झालं होतं. ते आता ओठांवर आलं. तिने सासूकडे पाहिलं. दिवस गेल्यापासून सुनेला पाण्याची घागरसुद्धा उचलू न देणारी, आल्यापासून फरशीवर बसून असलेली बाई.

“आत्याबाई म्हणतेत तसं,” ती म्हणाली.

रुपाने कूस बदलली. 

सकाळी दूध आलं नाही. बाळाला पावडरचं दूध सुरू झालं. आधी त्याला ते पचलं. मग पोट फुगलं, नळीतून हिरवं येऊ लागलं, श्वासाचं मशीन लावावं लागलं. दोन दिवसांनी, भर दुपारी बाळ गेलं.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “कमी दिवसांचे जीव असतात हे. पावडरनेच झालं असं मी म्हणणार नाही.”

“अन् तिचं दूध दिलं असतं तर?” शिवकन्येने विचारलं.

 “ते कुणालाच सांगता येणार नाही, ताई.”

द्वारकाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. तिने पदर तोंडात कोंबला.

शिवकन्येचा रक्तदाब अजून उतरला नव्हता, म्हणून तिला ठेवून घेतलं. तिचा नवरा शिवशंकर बाळाला छातीशी धरून जीपकडे निघाला. त्याच्यामागून जाताना द्वारकाबाई दारात थबकली, परत फिरली आणि रुपाच्या खाटेपाशी उभी राहिली.

“हिच्याकडं ध्यान ठिव, माय,” ती म्हणाली.

“व्हय. जावा तुमी.”

संध्याकाळी शिवकन्येला झंपर ओला लागला. घाम असेल असं तिला वाटलं. मग वास आला. छाती दगडासारखी झाली होती आणि दूध आपोआप गळत होतं.

रुपाने पाहिलं. तिने पिशवीतून आपली जुनी मऊ ओढणी काढली आणि तिची लांब घडी केली.

“नीट बस. बांधावं लागतंय, न्हाईतर गाठी होतेत.”

शिवकन्या उठून बसली. रुपाने घडी पाठीमागून फिरवून आणली.

“रुपा, म्या हो म्हणायला पायजे होतं.”

रुपाने पट्टा ओढला. काचेपलीकडून सिस्टरची हाक आली, “रुपा, मुलीला पाजायला ये!”

“आले,” ती म्हणाली, पण हलली नाही. तिने गाठ मारली, पट्ट्याखाली दोन बोटं सारून पाहिली.

“लई आवळलं का? दम घे बरं.”

शिवकन्येने दम घेतला.

“अजून एकडाव,” रुपा म्हणाली.