समासातली हुज्जत

"वडिलांचं कार्ड बंद करायचंय," मुलीने पुस्तक टेबलावर ठेवलं. "मागच्या सोमवारी गेले ते."

वाचनालयाच्या बाईंनी सवयीने खोडरबर उचलला आणि पानं उलटली. समास कोरे होते. एकाही पानावर पेन्सिल टेकलेली नव्हती. म्हणजे शेवटचं पुस्तक त्यांचं वाचून झालंच नव्हतं.

वाचनालयात परत आलेल्या पुस्तकांवरचं लिखाण पुसणं हे बाईंचं एकवीस वर्षांचं काम. त्यातलं निम्मं हिच्या वडिलांचं, एकट्या मीटरवाल्यांचं. घरोघरी पाण्याचे मीटर तपासत फिरणारा हा माणूस वाचायचा मात्र जुने तत्त्ववेत्ते, आणि समासात त्यांच्याशी हुज्जत घालायचा. मरणाला भिऊ नये, असं कुणा थोराने म्हटलं की याची पेन्सिल पुढे सरसावलीच: 'यांनी अंथरुणाला खिळलेल्या आईला आंघोळ घातलेली दिसत नाही.' बाईंनी ती जाडजूड पुस्तकं कधी वाचली नाहीत. जे काही वाचलं ते पुसता पुसता. समोरासमोर दोघं तारीख आणि शिक्का यापलीकडे बोलले नाहीत.

"घरी त्यांच्या हातचं काही सापडतंय का बघितलं," मुलगी म्हणाली. "एक चिठ्ठी नाही. खरं सांगू? आम्ही आहोत की नाही याचा त्यांना पत्ताच नसायचा. लहानपणी मी तापाने फणफणले होते, तेव्हाही हे उशाशी पुस्तक वाचत बसलेले. आई अजून बोलून दाखवते."

बाई उठल्या आणि मागच्या कपाटातून एक जुनं पुस्तक घेऊन आल्या. पान शोधायला वेळ लागला नाही. आपलं माणूस हे ठेवायला दिलेली वस्तू आहे, मागितली की शांतपणे परत करावी, अशा अर्थाचं काहीतरी तिथे छापलेलं होतं. शेजारचा समास घासून पातळ झाला होता.

"इथे होतं."

"काय होतं?"

"'पोरीचा ताप तीन दिवस उतरत नाही. पटलं नाही.' आणि त्याखाली, 'उतरला. तरीही पटलं नाही.'"

मुलगी कोऱ्या कागदाकडे बघत राहिली.

"तुमच्या कसं लक्षात राहिलं?"

"पुसताना जिवावर आलं होतं."

"मग पुसलंत कशाला?"

आपल्या चोख कामाची बाईंना पहिल्यांदाच लाज वाटली. ड्रॉवरमधून त्यांनी पेन्सिल काढली आणि मुलीपुढे धरली.

"लिहा."

"पुस्तकात?"

"तिथेच. मी सांगते."

मुलगी सावकाश लिहू लागली. दुसऱ्या 'पटलं नाही'पाशी पेन्सिलीचं टोक मोडलं. बाईंनी दुसरी पेन्सिल दिली.

"कुणी पुसलं तर?" मुलीने डोळे पुसत विचारलं.

"पुसणारी मीच," बाई पुस्तक मिटत म्हणाल्या. "माझ्या नोकरीचं अजून दीड वर्ष आहे. तोवर तरी राहील."