बिट्टीची पायी सहल

बसडेपोत छत्तीस वर्षं इंजिनांखाली काढलेल्या मेकॅनिकला आपल्या मुलीच्या कामाचं नेहमी हसू यायचं. शहर बघायला आलेल्या पाहुण्यांना ती गाडीत न बसवता पायी फिरवायची. एका वेळी बाराच माणसं, प्लॅस्टिकची बाटली चालायची नाही, लोकांच्या दारासमोर मोठ्यानं बोलायचं नाही, खायचं तेही गल्लीतल्याच दुकानात. "म्हणजे लांबून यायचं ते पाय दुखवून घ्यायला," असं तो म्हणायचा.

बिट्टी, म्हणजे ही मुलगी, कधी चिडली नाही. तीन वर्षांत तिनं त्याला किती वेळा बोलावलं त्याला गणतीच नाही. ज्या गल्ल्यांत आपला जन्म गेला तिथं पोरगी आपल्याला काय दाखवणार, म्हणून तो टाळायचा. कधी गुडघा पुढे करायचा, कधी जादा पाळी. बायको मात्र दोनदा जाऊन आली होती. पुढे तो निवृत्त झाला, पाळीचं कारण संपलं; गुडघा राहिला.

मग साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत बिट्टी गेली.

चार महिने तो घराबाहेर फारसा पडलाच नाही. एका सकाळी मात्र दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि निघाला. कुठं, ते बायकोनं विचारलं नाही.

सहल आता बिट्टीची मैत्रीण चालवायची. त्याला रांगेत बघून ती गडबडली. काही बोलू नकोस, असं त्यानं नजरेनंच सांगितलं आणि तो सगळ्यांच्या मागे राहिला. कालव्याच्या काठानं, गच्चीवरच्या भाजीच्या वाफ्यांजवळून, गाड्या बंद केलेल्या बाजाररस्त्यानं तो गुडघा सांभाळत चालला. तेच बोळ, तेच जिने. पण इतक्या सावकाश तो त्यांतून कधी गेलाच नव्हता.

डेपोच्या मागच्या भिंतीपाशी मैत्रिणीची पावलं उगाच भराभर पडू लागली. हातातला नकाशा बघत एका पाहुण्या बाईंनी विचारलं, "इथं एक थांबा दाखवलाय ना?"

मैत्रिणीनं वळून त्याच्याकडे पाहिलं.

"सांग, बाळ," तो म्हणाला.

ती भिंतीकडे बघत सांगू लागली. "ही सहल जिनं आखली तिचे बाबा या भिंतीपलीकडे गाड्या दुरुस्त करायचे. ते घरी आले की ती ओला रुमाल त्यांच्या नाकावरून फिरवायची आणि तो किती काळा झाला ते बघायची. ती इथं म्हणायची, माझ्या बाबांनी या शहराचा धूर गिळलाय. निदान पाहुण्यांनी तरी त्यात भर घालू नये, म्हणून मी तुम्हाला चालवते."

त्याला रुमाल आठवला. तो मुद्दाम खोटं शिंकायचा, ती खिदळायची. तो त्याला पोरीचा खेळच समजत आला होता. भिंतीपलीकडे विजेवरच्या बस मुकाट उभ्या होत्या. हातोड्याचा आवाजही नव्हता.

"मग त्यांनी केली का ही सहल?" बाईंनी विचारलं.

"नाही," तोच म्हणाला. "ते राहूनच गेलं."

बाकीचे पुढे गेले. तो तिथूनच एकटा घरी परतला.

बायको भाजी चिरत बसली होती.

"भिंतीपाशी ती काय सांगायची, तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तिनंच बजावलं होतं. म्हणाली, बाबा एक दिवस येतीलच, स्वतः ऐकू देत."

तो गुडघ्याची पर्वा न करता तिच्याशेजारी फरशीवर बसला. तिनं विळी बाजूला सारली. त्या दिवशी दोघांचं जेवण राहिलं ते राहिलंच.