मागच्या खिडकीतलं तळं

पिशवी खाली ठेवण्याआधी शिलाईबाईंनी मागची खिडकी उघडली. बाहेर शेजारच्या लॉजची भिंत होती आणि वाळत घातलेल्या चादरी. पुढच्या खिडकीत समुद्र होता, पण समुद्र कालच्या खोलीतूनही दिसत होता आणि परवाच्याही.

"ही नको," त्या म्हणाल्या.

खाटेवर बसून चपलेचा पट्टा सोडवणाऱ्या नणंदेने तो पुन्हा लावला. साठी ओलांडली तरी तिला सगळे बेबीच म्हणत. तीन दिवसांतली ही चौथी खोली. वहिनीच्या पायाला भिंगरी आणि फोड मात्र माझ्या पायांना, एवढंच ती जिना उतरताना पुटपुटली.

भाऊ जाऊन आठ महिने झाल्यावर वहिनीने आपणहून फिरायला जाऊ म्हटलं, तेव्हा तिला बरं वाटलं होतं. खरं कारण बाईंनी सांगितलं नव्हतं. शेवटच्या तापात नवरा त्यांचा हात धरून एका खोलीबद्दल बोलत राहिला होता. पुढच्या खिडकीत समुद्र, मागच्या खिडकीत तळं. आठवतंय ना तुला? बाई हो म्हणाल्या होत्या. त्या तिथे कधी गेल्याच नव्हत्या. रंगाच्या कंपनीच्या कामासाठी तो दरवर्षी या किनाऱ्यावर यायचा, एकटाच. निदान बाईंची समजूत तशी होती. तो 'तुला' नेमका कोणाला होता, हे कोडं आठ महिने त्यांना सुटलं नव्हतं.

या वेळी त्यांनी रिक्षावाल्यालाच विचारलं. त्याला डोकं खाजवावं लागलं नाही. तसं एकच ठिकाण होतं, जमीन जिथे अगदी चिंचोळी होते तिथे. रिक्षा पुढे गेली तसा डावीकडे समुद्र राहिला आणि उजवीकडे झाडांमधून तळ्याचं पाणी चमकू लागलं. बेबी खुशीत येऊन पक्षी दाखवू लागली. बाई हातरुमाल बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

दुमजली घर होतं. शेंगा सोलत बसलेली मालकीण हात पुसत उठली आणि त्यांना वर घेऊन गेली. खोलीत दोन खाटा होत्या. बाई सरळ मागच्या खिडकीशी गेल्या. तळं पार भिंतीपर्यंत आलेलं होतं.

त्यांनी पर्समधून नवऱ्याचा फोटो काढला. मालकिणीने तो लांब धरून पाहिला आणि लगेच ओळखला. दरवर्षी दोन दिवस यायचे, ती म्हणाली, यंदाच आले नाहीत. बाईंनी ते का आले नाहीत ते सांगितलं. मालकीण खाटेच्या कडेवर बसली.

"बरोबर कोण असायचं?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही."

"खोली तर दोघांची आहे."

पहिल्या वर्षी ते म्हणाले होते, बायको मागून येतेय, दुसरी खाटही घालून ठेवा. ती आली नाही. पुढच्या वर्षीही तेच. मग मालकिणीने विचारणं सोडलं होतं. दोन्ही खाटा घालून ठेवायची.

"मग दोन दिवस करायचे काय?"

"झोपायचे. जेवायला उठवावं लागायचं."

समुद्राकडच्या खिडकीशी उभी असलेली बेबी वळली. दादाला दिवसा आडवा झालेला तिने कधी पाहिला नव्हता. गेल्या वर्षी जाईपर्यंत आई बारा वर्षं अंथरुणाला खिळलेली. घरी असला की तो आईपाशी, नसला की वहिनी, हातातलं शिवण अर्धं टाकून. दोघांनी एकदम घराबाहेर पडायची सोयच नव्हती.

"मला सांगायचं ना," ती हळूच म्हणाली. "दोन दिवस आईला मी..."

तिला एकदा विचारलं होतं, हे बाईंच्या लक्षात होतं. बेबीच्या नसावं. किंवा आत्ताच आलं असावं, कारण तिने आपली पिशवी उचलली आणि शेजारची खोली रिकामी आहे का, असं मालकिणीला विचारलं.

रिकामी होती. दाराशी थांबून मालकिणीने या खोलीतल्या कुठल्या खाटेवर चादर घालू म्हणून विचारलं.

"दोन्हींवर," बाई म्हणाल्या. त्यांनी चपला काढल्या. "आणि मला जेवायला उठवू नका."