नऊ नंबरची जर्सी

“ताई, मशीन जरा बंद करता का? दोन शब्द बोलायचेत.”

ताईंनी बटण दाबलं. फुटबॉल क्लबचे डायरेक्टर धुलाईच्या खोलीत कधी पाऊल ठेवत नसत. त्यांचा कारभार वरच्या मजल्यावर, काचेच्या खोलीत. कोणता खेळाडू आणायचा, कुणाला सोडायचं ते वर ठरे. आणलेल्यांतून संघ निवडायचा आणि तो खेळवायचा ते खाली, मॅनेजरनं. मधे फक्त एक जिना होता, पण हल्ली एकमेकांचं तोंड बघायला लागू नये म्हणून दोघंही तो टाळत.

मॅनेजरना सगळे मास्तर म्हणत. सामन्याच्या दिवशी फळ्यावर नावं लिहायला ते कधीच तयार झाले नाहीत. ताईंनी इस्त्री केलेल्या जर्सींची चळत उचलायची, खेळाडूंच्या खोलीत जायचं, दार लावून घ्यायचं आणि एकेक जर्सी स्वतःच्या हातानं हुकावर अडकवायची, ही त्यांची रीत. दार उघडलं की खेळाडू आत येऊन हुकांकडे बघत. जर्सी हुकावर असली तर आपण खेळणार, बाकावर घडी घातलेली असली तर बसून राहणार. “ज्याला बसवायचं त्याची घडी तरी आपण नीट घालावी,” मास्तर म्हणत. घड्या मात्र त्यांच्या अगदीच वाकड्यातिकड्या. ताई नंतर गुपचूप सरळ करून ठेवत.

“आज मालक येतायत,” डायरेक्टर म्हणाले. “नव्या पोराला मी आणला, पण मास्तर त्याला बाकावरून उठू देत नाहीत. आजही तो खेळला नाही तर संध्याकाळी मास्तरांना नारळ द्यायचं ठरलंय. माझ्या हातात काही उरलेलं नाही, ताई.”

“मग हे त्यांना सांगा ना.”

“सांगून बघितलं. म्हणाले, भिंगरी, आणणं तुझं काम, खेळवणं माझं. विषय संपला.”

भिंगरी हे डायरेक्टरांचं नाव मास्तरांनीच ठेवलेलं. ते खेळाडू म्हणून याच मैदानावर कडेकडेनं पळायचे तेव्हाचं. आता अंगात सूट होता, हाताखाली माणसं होती, पण मास्तरांच्या तोंडी भिंगरीच. ताईंना वाटलं, ह्या माणसाला चीड आली असती तर बरं झालं असतं. त्याच्या डोळ्यांत तर पाणी होतं.

“दादाची जर्सी आज देऊ नका. धुताना रंग लागला म्हणा. त्याची दुसरी मागच्या सामन्यात फाटलीच आहे. जर्सीच नाही म्हटल्यावर त्यांना त्याच्या जागी नव्याला खेळवावंच लागेल. आरडाओरडा करतील, पण नोकरी टिकेल.”

दादा म्हणजे संघाचा नऊ नंबर. मास्तरांच्या हाताखालीच थोराड झालेला, पाय जड पडलेला, तरी अजून गोलासमोर चेंडू आला की डोकं शांत ठेवणारा.

“मी आजवर एक जर्सी खराब केलेली नाही,” ताई म्हणाल्या.

“म्हणून तर तुमच्यावर विश्वास ठेवतील.”

ते गेल्यावर ताईंनी मशीन परत चालू केलं नाही. मास्तरांच्या घरी वाट बघणारं आता कुणी नव्हतं. सुट्टीच्या दिवशीही हा माणूस येऊन रिकाम्या मैदानाच्या कडेला उभा असायचा. ताईंचा नवरा दवाखान्यात होता तेव्हा सराव संपला की मास्तर इथं स्टुलावर बसून धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत. एक जोडी धड लागली असेल तर शपथ. ताई दवाखान्यात जाऊन नवऱ्याला ते सांगत, आणि एवढ्या दुखण्यातही तो हसे. त्या माणसाला संध्याकाळी आपलं सामान खोक्यात भरताना बघायचं, हे काही ताईंच्यानं होणार नव्हतं. त्यांनी नऊ नंबरची जर्सी काढली आणि टॉवेलांच्या ढिगाखाली सारली.

मास्तर आले. चळत हातात घेतली आणि वजनावरूनच थबकले.

“एक कमी आहे.”

“दादाची,” ताई म्हणाल्या. नजर इस्त्रीवर. “लाल मोज्यांबरोबर मशीनमध्ये गेली. रंग लागला. माझंच चुकलं.”

मास्तरांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ताईंना वाटलं, आता भडकतील. पण त्यांनी नुसतीच मान हलवली.

“होतं असं कधी कधी,” ते म्हणाले. “मनाला लावून घेऊ नकोस.”

दार उघडलं तेव्हा ताई बाहेर टॉवेल घेऊन उभ्या होत्या. दादा आत गेला, हुकांवरून आणि बाकावरून नजर फिरवली आणि मास्तरांकडे वळला. जर्सी खराब झाली एवढं म्हणायचं, की मास्तर सुटले असते. ते म्हणाले, “आज तुला बसवतोय मी. पायांना जरा आराम दे.” दादा “बरं, मास्तर” म्हणाला आणि बुटांच्या नाड्या सोडायला बसला.

नवा पोरगा खेळला, आणि झकास खेळला. त्याच्या गोलावर सामना जिंकला. मालकांनी वरून खाली येऊन मास्तरांचा हात हातात घेतला. डायरेक्टर धुलाईच्या दारातून आत डोकावले. “मास्तरांना तुम्ही वाचवलंत, ताई,” एवढं म्हणून पोरासारखे जिना चढून गेले.

ताई मळक्या कपड्यांचे ढीग वेगळे करत होत्या तेव्हा मास्तर आले आणि स्टुलावर बसले.

“पोरगा गुणी आहे,” ते म्हणाले. “पुढच्या सामन्याला मी त्याला खेळवणारच होतो. वरून सांगितलं म्हणून नाही. आत्ता कुठे त्याचा दम पुरायला लागलाय.”

ताईंच्या हातातला मोजा हातातच राहिला. “मास्तर, मी तुमच्याशी—”

“डाग दाखव म्हणालो का मी तुला?” ते हळूच म्हणाले. “कुणीही आधी डागच बघायला मागितला असता. तुझं तोंड बघितलं आणि कळलं. खोटं बोलणं तुला जमत नाही, ताई. आणि भिंगरीशिवाय हे कुणाला सुचणार?”

“तुम्हाला काढणार होते हो.”

“ठाऊक आहे.”

“मग आधीच का नाही खेळवला त्याला?”

मास्तरांनी समोरचा एक मोजा उचलला, त्याचा जोडीदार शोधला आणि न सापडल्यानं परत ठेवून दिला. “मला काढलं असतं, तर मी मॅनेजर म्हणून घरी गेलो असतो. आता नुसता पगारी माणूस म्हणून जाईन,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर ताईंना सोसला असता. “पुढच्या सामन्यापासून जर्सी तूच अडकवत जा. वर विचारून घे आणि लाव.”

“मी नाही लावणार.”

“लाव गं. मला आता ते जमायचं नाही.”

त्या रात्री ताई नवऱ्याला सगळं सांगताना रडल्या. तो एवढंच म्हणाला, “मास्तरांना त्यांचं मैदान राहिलं ना?” राहिलं होतं. म्हणून तर रडू थांबत नव्हतं.

पुढच्या सामन्याला वरून फोन आला. ताईंनी मुकाट ऐकून घेतलं, चळत उचलली, खेळाडूंच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. हुकांपर्यंत त्यांचा हात पुरेना, तेव्हा बाकावर चढल्या. सगळं झाल्यावर दार उघडून त्या बाजूला झाल्या. खेळाडू एकेक करून आत शिरले. सगळ्यांच्या मागून मास्तर आले, दाराशी थांबून डोक्यावरची टोपी काढली, आणि आज कोण खेळणार ते हुकांवर बघू लागले.