सुई एक खाच खाली

गाडी काही केल्या मोकळी बोलेना. कानसेनांनी सकाळपासून सायलेन्सर काढून काजळी खरवडली, फिल्टर धुतला, पॉइंटची फट नीट केली, तरी आवाज आपला तोच, गोधडीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. टू-स्ट्रोक मोटारसायकल कशी खणखणीत वाजली पाहिजे. उद्या धाकटी हिच्यावर बसून घाट चढणार होती आणि बापाचा जीव काही थाऱ्यावर नव्हता.

धाकटीला डोंगरातल्या गावांचं पाणी तपासायची नोकरी लागली होती. तिकडे बस जात नाही. तिने आपणहून बापाची जुनी गाडी मागितली. थोरल्याने त्या गाडीकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, त्यामुळे मागणारं कुणीतरी भेटल्यावर म्हातारा असा हरखला की काही विचारू नका. "लावून मी देतो," म्हणाला. "मेकॅनिकने बोट लावायचं नाही."

हा तोरा उगाच नव्हता. सारी हयात सूतगिरणीत गेली. सगळी यंत्रं एकदम धडधडत असताना हा माणूस दारातूनच सांगायचा, त्या कोपऱ्यातलं बेअरिंग आज-उद्या जाणार. आणि जायचंच. म्हणून नाव पडलं कानसेन, आणि खरं नाव घरच्यांनासुद्धा आठवून सांगावं लागायचं.

आतून करपल्याचा वास आला, पाठोपाठ बायको. "अहो, दोन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा म्हटलं होतं ना? किती वाजल्या, काही भान आहे?"

"वाजल्या कुठे? शिट्टी बिघडलीय तुझी. नवी आणू."

बायकोने कपाळाला हात लावला आणि खिडक्या उघडायला गेली.

कानसेन परत कार्बोरेटरकडे वळले. त्याच्यात एक सुई असते. ती एक खाच खाली घेतली की पेट्रोल कमी जातं, हवा जास्त जाते, आवाज चढतो. एक खाच त्यांनी सकाळीच उतरवली होती. आता दुसरी उतरवली. असल्या गाडीत तेल पेट्रोलातूनच येतं, पेट्रोल तोडलं की तेलही तुटतं आणि इंजिन कोरडं पडतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण कान सांगत होता, अजून जड आहे. या कानाने त्यांना आजवर कधी फसवलं नव्हतं.

धाकटीने प्लग खोलून उजेडात धरला. "बाबा, पांढराफटक पडलाय, इंजिन फार तापतंय. चॉकलेटी हवा ना?"

"नवा आहे. रंग धरायला वेळ लागतो."

त्यांनी किक मारली. ती आणखी काहीतरी पुटपुटली. हल्लीची पोरं पुटपुटतातच, धड बोलायला यांना काय होतं कोण जाणे. "बस पुढे," ते म्हणाले. "गोदामामागच्या चढावर बघू. मी मागे बसतो."

चढ सरळ होता आणि रस्ता मोकळा. धाकटी जपून चालवत होती. कानसेन तिच्या खांद्यावरून मान पुढे काढून ऐकत होते. "पिळ की," ते म्हणाले. "घाटात काय अशी रांगत जाणार?" तिने थोडी मूठ पिळली. गाडी हलकी झाली, सुसाट निघाली. हां, आता कशी. "अजून पिळ."

आणि भर चढावर पोरीने खाडकन क्लच दाबला.

इंजिन आपलं आपण मेलं. गाडी रेंगाळत कडेला थांबली. कानसेन तणतणत उतरले. "क्लच कशाला दाबलास? आत्ता कुठे सुरात आली होती." त्यांनी किकवर पाय दिला. किक हलेना. पूर्ण भार टाकला, तरी हलेना. इंजिनातून भट्टीसारखी धग येत होती.

पिस्टन धरला होता, तेलावाचून तापून सिलिंडरातच अडकला होता. क्लच दाबला नसता तर मागचं चाक जागच्या जागी अडकलं असतं. आज चढावर बापलेक दोघं पडली असती. उद्या घाटात ती एकटी.

कानसेन रस्त्याच्या कडेला मटकन बसले. "तुला कसं कळलं?"

"टिणटिण वाजत होतं. डब्यात खडे टाकल्यासारखं." ती त्यांच्या अगदी समोर येऊन बसली. "सकाळपासून वाजतंय, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

"तीनदा बोलले. तुम्हाला ऐकू गेलं नाही."

तेव्हा त्यांना कुकर आठवला. दारावरची घंटा आठवली, ती बिघडली म्हणून त्यांनी दोनदा खोलून जोडली होती. गिरणीने कान दिले आणि गिरणीनेच ते हळूहळू परत घेतले होते. गाडी जड बोलत नव्हतीच, बारीक-उंच आवाजच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते. त्यांना भीती वाटली, आणि लाजही वाटली. "मी तुला मारलं असतं गं," ते म्हणाले. पोरीने त्यांचा तेलकट हात घट्ट धरून ठेवला.

इंजिन निवल्यावर गाडी ढकलत घरी आणली. सिलिंडर उतरवला. पिस्टनवर बारीक ओरखडे होते, ते बारीक पेपरने घासून साफ केले. सगळं जोडून झाल्यावर कानसेनांनी सुई पहिल्या जागी आणली आणि म्हणाले, "तू ऐक. मी फिरवतो."

कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू पाव-पाव आटा फिरत होता. ती डोळे मिटून उभी होती. मध्येच "थांबा" म्हणाली असावी, कारण पुढच्या क्षणी तिने त्यांचं मनगट धरलं.

मग चढावर ती एकटीच जाऊन आली. येऊन प्लग दाखवला. चॉकलेटी दिसत होता. "मस्त वाजतेय, बाबा," ती त्यांच्या कानाशी येऊन म्हणाली.

कानसेनांना ती भिकार वाजत होती. जड, चोंदलेली. जरासा आटा दिला असता तर मोकळी झाली असती. हात शिवशिवत होते. गाडीभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, बसले, परत उठले. शेवटी पोरीची भरलेली बॅग उघडून आपला जुना पेचकस तिच्या कपड्यांच्या खाली ठेवला.

"हा घेऊन जा," ते म्हणाले. "घरात ठेवू नकोस."